पहिल्या सुनावणीला कोणीच आले नाही

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने रोमच्या कैदेतून आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेले दुसरे पत्र आहे, त्याचा शेवट बरेच जण भराभर वाचून उरकतात. तिथे नावेच नावे आहेत: कोण कुठे गेला, कोणाला निरोप द्यायचा, येताना काय आणायचे. पण अडचणीच्या वेळी ज्यांनी पाठ फिरवली त्यांना क्षमा करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे समजून घ्यायला मला या यादीइतकी उपयोगी जागा दुसरी सापडलेली नाही. म्हणून ती सावकाश वाचू या.

प्रसंग असा आहे. पौल बेड्यांत आहे. खटल्याची पहिली सुनावणी होऊन गेली आहे आणि आपला शेवट जवळ आला हे त्याला कळून चुकले आहे. देमास थेस्सलनीकाला निघून गेला आहे. तीत दालमतियाला गेला आहे. तुखिकाला पौलानेच इफिसला पाठवले आहे. जवळ आहे एकटा लूक. थंडी तोंडावर आली आहे, म्हणून तो तीमथ्याला सांगतो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तके आण, चर्मपत्रे तर नक्की आण, आणि होईल तितके कर पण हिवाळ्याआधी ये. याच सगळ्या बारीकसारीक सूचनांमध्ये तो लिहून जातो: माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूने कोणीच उभे राहिले नाही, सगळ्यांनी मला सोडले, हे त्यांच्या हिशेबी धरले न जावो.

(हे पत्र पौलाने स्वतः लिहिले की त्याच्या मागून शिष्यांपैकी कोणी त्याच्या नावाने लिहिले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मंडळीने, म्हणजे चर्चने, शतकानुशतके ते पौलाचे म्हणून वाचले आहे आणि इथे मीही तसेच वाचतो आहे.)

या वाक्यातला घाव कळायला तेव्हाचे कोर्ट डोळ्यांपुढे आणावे लागते. रोमन खटल्यात आरोपीच्या बाजूला कोण येऊन बसले आहे याला मोठे वजन असे. मित्र, ओळखीचे प्रतिष्ठित लोक नुसते हजर राहिले तरी न्यायाधीशाला कळे की या माणसामागे चार माणसे आहेत. पौलाच्या मागची जागा रिकामी होती. आणि ती का रिकामी होती हेही समजण्यासारखे आहे. इ.स. ६४ मध्ये रोमला मोठी आग लागली, तिचा ठपका सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांवर ठेवला, आणि त्यांना कसे कसे मारले याचे वर्णन टॅसिटस या रोमन इतिहासकाराने करून ठेवले आहे: कोणाला कुत्र्यांकडून फाडवले, कोणाला वधस्तंभावर दिले, कोणाला रात्री उजेडासाठी जिवंत जाळले. पौलाचा मृत्यू नीरोच्याच काळात झाला असे परंपरा सांगते. अशा दिवसांत एका ख्रिस्ती कैद्याशेजारी जाऊन उभे राहणे म्हणजे स्वतःचे नाव आपण होऊन अधिकाऱ्यांच्या हाती देणे. न आलेले लोक दुष्ट नव्हते, ते घाबरले होते.

पौलाला हे कळत नसेल असे शक्यच नाही. तरीही तो त्यांच्या वतीने सबबी सांगत बसत नाही. "सगळ्यांनी मला सोडले" हे तो स्पष्ट लिहितो आणि मगच क्षमेकडे वळतो. आपल्याकडे लगेच म्हणायची पद्धत आहे, "जाऊ दे, झाले गेले गंगेला मिळाले." हे म्हणणारा बहुतेक वेळा भल्याचेच म्हणत असतो, पण त्यात घडलेली गोष्ट घडलीच नाही असे धरायचे असते. ख्रिस्ती क्षमेत तसे नाही. जे घडले ते घडले, त्याने मला दुखावले, ते चूक होते, हे तिचे पहिले वाक्य आहे. जिथे चूकच नव्हती तिथे क्षमा करण्याजोगे काही उरत नाही. तिथे समजून घेणे पुरते.

आता त्याच पानावर पौल वेगवेगळ्या माणसांशी किती वेगवेगळा वागतो ते पाहा. मला यातच सगळे मर्म दिसते.

जे सुनावणीला आले नाहीत त्यांची नावेसुद्धा तो घेत नाही. त्यांच्यासाठी फक्त प्रार्थना आहे. देमासाचे नाव मात्र तो घेतो, आणि कारणही देतो: त्याला या जगाचे सुख प्रिय झाले. हाच देमास फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात पौलाचा सहकारी म्हणून येतो, कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात लुकाच्या जोडीने सलाम पाठवतो. म्हणजे हा लांबचा माणूस नव्हता, एका ताटात जेवलेला होता. पौल त्याला शिव्याशाप देत नाही, पण तो गेला हे झाकूनही ठेवत नाही. तिसरा आलेक्सांद्र तांबट. याने नुसते सोडले नाही, पुष्कळ वाईट केले. त्याच्याबद्दल पौल लिहितो की प्रभू त्याला त्याच्या कर्माप्रमाणे फळ देईल, आणि पुढे तीमथ्याला बजावतो: तूही त्याच्यापासून सावध राहा. चौथा मार्क. त्याच्यावर सविस्तर बोलावे लागेल, कारण त्याच्याबद्दल पौल लिहितो: मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.

म्हणजे एकाच माणसाने, एकाच आठवड्यात, एकाच कागदावर कोणाचा हिशेब सोडून दिला, कोणाचे जाणे जसेच्या तसे नोंदवले, कोणापासून जपून राहायला सांगितले आणि कोणाला जवळ बोलावले. सूड मात्र त्याने कोणावरच उगवला नाही. आलेक्सांद्राचा न्यायसुद्धा त्याने स्वतःकडे ठेवला नाही, देवाकडे सोपवला. क्षमा म्हणजे मनातला सूड खाली ठेवणे, आणि ती सगळ्यांना द्यायची असते. पुन्हा विश्वास टाकणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती माणूस पाहून, वेळ पाहून होते. या दोन्ही गोष्टी एकच समजल्या की माणसाची फार ओढाताण होते. मंडळीत कोणी रडत सांगते, "मी त्यांना माफ केलंय, पण पुन्हा त्यांच्याबरोबर राहायची हिंमत होत नाही, मग माझी क्षमा खोटी का?" खोटी नाही. जिला मारहाण झाली, जिला भर आजारपणात घराबाहेर काढले, तिने त्याच घरात परत गेले पाहिजे असे सांगणारा पाळक पौलाचे हे पान अर्धेच वाचून आलेला असतो.

"हिशेबी धरले न जावो" हे शब्द पौलाने कुठे ऐकले होते, हे लक्षात घेतले की अंगावर काटा येतो. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात स्तेफन या शिष्याला धोंडमार होते. दगड मारणारे आपले अंगरखे काढून शौल नावाच्या एका तरुणाच्या पायांजवळ ठेवतात. गुडघे टेकून मरताना स्तेफन मोठ्याने म्हणतो, "हे प्रभू, हे पाप त्यांच्याकडे मोजू नको." तो शौल म्हणजेच पुढचा पौल, आणि स्तेफनाचा वध त्याला मान्य होता असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ज्या प्रार्थनेने पौल आपल्याला सोडून गेलेल्यांना मोकळे करतो, तीच प्रार्थना कधीकाळी कोणीतरी त्याच्यासाठी केली होती. त्या वेळी त्याने ती मागितली नव्हती आणि त्याला आपल्या कृत्याचा पश्चात्तापही झालेला नव्हता.

ख्रिस्ती क्षमेचा उगम इथे आहे. ती माणसाच्या मोठ्या मनातून निघते असे नवा करार कुठेच म्हणत नाही. ती आधी मिळालेली असते, म्हणून देता येते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला येशूचा दाखला, म्हणजे बोधकथा, हेच सांगतो. एका राजाच्या चाकरावर दहा हजार टॅलंटचे कर्ज असते आणि राजा ते सगळे सोडतो. बाहेर पडल्यावर हा चाकर शंभर दीनारांसाठी सोबतीच्या चाकराचा गळा धरतो. दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, आणि एक टॅलंट म्हणजे साधारण ६,००० दीनार. म्हणजे राजाने सोडलेले कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले, जे कोणी कितीही जन्म घेतले तरी फिटणार नाही. प्रवचनांत बहुतेक इथेच थांबतात. मला दुसऱ्या आकड्यावर थांबावेसे वाटते. शंभर दिवसांची मजुरी ही हातावर पोट असलेल्या माणसासाठी काही किरकोळ रक्कम नाही. येशूने तिथे दोन दीनार म्हटलेले नाही. तुम्हाला ज्याने कठीण काळात एकटे टाकले तो तुमचे खरेखुरे देणे लागतो, तीन-साडेतीन महिन्यांच्या घामाइतके. दाखला ते नाकारत नाही, एवढेच म्हणतो की ते वसूल करायला निघण्याआधी तुझे स्वतःचे किती सोडले गेले ते आठव.

आता मार्क. याचे पूर्ण नाव योहान मार्क. यरुशलेमात त्याच्या आईचे, मरीयेचे घर होते आणि तिथे लोक प्रार्थनेला जमत. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा पहिल्या प्रचारफेरीला निघाले तेव्हा हा तरुण त्यांच्या मदतीला होता. कुप्र (सायप्रस) बेट पार करून ते पंफुल्यातल्या पिर्गा गावी पोहोचले आणि तिथून मार्क यरुशलेमाला परत गेला. का गेला हे लिहिलेले नाही. पुढे डोंगराळ मुलूख होता, लुस्त्रात लोकांनी पौलाला दगड मारून, मेला समजून गावाबाहेर ओढून टाकले. त्या दिवशी मार्क तिथे नव्हता.

काही वर्षांनी पुन्हा निघायची वेळ आली. बर्णबा म्हणाला मार्काला घेऊ या, तो त्याच्या नात्यातलाच होता. पौल म्हणाला, जो आपल्याला पंफुल्यात सोडून गेला त्याला घेणे योग्य नाही. दोघांत इतका कडाक्याचा वाद झाला की जोडी फुटली. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला गेला, पौल सीलाला घेऊन दुसरीकडे. बायबलने हे भांडण लपवले नाही याबद्दल मला नेहमीच कृतज्ञता वाटते.

पौल बरोबर की बर्णबा, यावर आजही वाद होतात. माझे मत सांगतो. जिवावरच्या कामाला न टिकणारा माणूस नको, हे पौलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण एक गोष्ट तो त्या दिवशी विसरला होता. पौल स्वतः जेव्हा नवा नवा यरुशलेमात आला तेव्हा सगळे शिष्य त्याला भीत होते, त्याच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. त्याला हाताला धरून प्रेषितांकडे घेऊन गेला तो बर्णबाच. नंतरच्या वर्षांत मार्क जो पुन्हा उभा राहिला तो पौलाच्या कडकपणामुळे नव्हे, बर्णबाने त्याला सोबत घेतल्यामुळे. म्हणून वाटते की दुखावलेल्या माणसाने लगेच विश्वास टाकला नाही तरी चालते, पण मंडळीत कोणीतरी बर्णबा असावा लागतो.

पुढे दहा-बारा वर्षांनी कलस्सैकरांच्या पत्रात पौल लिहितो की मार्क तुमच्याकडे आला तर त्याचे स्वागत करा. आणि मग तीमथ्याच्या या पत्रात सरळ मागणीच करतो, त्याला घेऊन ये. ज्याने एकदा वाटेत सोडले त्यालाच मरणाच्या दारात तो बोलावून घेतो. या दोन टोकांच्या मधली वर्षे आपल्याला दिसत नाहीत. कधी भेटले, काय बोलले, कोण आधी बोलले, काहीच नाही. एवढे नक्की की ते एका मिठीत झालेले नाही, त्याला वर्षे लागली.

पेत्राच्या बाबतीत मात्र ते बोलणे आपल्याला ऐकू येते. येशूला धरले तेव्हा सगळे शिष्य पळाले. पेत्र मागून महायाजकाच्या अंगणापर्यंत गेला आणि कोळशाच्या शेकोटीपाशी ऊब घेत उभा असताना तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर येशू बंद दारांच्या खोलीत शिष्यांना भेटतो तेव्हा पहिला शब्द "तुम्हांस शांती असो" हा आहे. कुठे होता, का पळाला, असे तो विचारत नाही. पण लगेच तो हात आणि कूस दाखवतो, जखमा झाकत नाही. नंतर गालील समुद्राच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, मासे भाजलेले आहेत, आणि न्याहारी झाल्यावर पेत्राला तीनदा विचारले जाते, माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला असे योहानाच्या शुभवर्तमानात लिहिले आहे. जे तीनदा मोडले ते तीनदा उच्चारून जोडले जाते, आणि त्यात पेत्राला दुखते. दर वेळी उत्तरापाठोपाठ काम मिळते: माझी मेंढरे चार. जो सोडून गेला त्याला परत घेताना त्याच्या हाती पुन्हा जबाबदारी दिली जाते, आयुष्यभर कोपऱ्यात बसवून ठेवले जात नाही.

इथवर एका माणसाचे दुसऱ्या माणसाशी झाले. सगळी मंडळीच जेव्हा सोडून गेलेल्यांनी भरलेली असते तेव्हा काय करायचे? हा प्रश्न तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये उभा राहिला.

रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढले की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे पपायरसवरचे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. इ.स. २५० मधला एक दाखला एका ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याचा आहे. ओळख पटावी म्हणून लिहिले आहे, उजव्या भुवईवर व्रण. पुढे म्हटले आहे की मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आणि आता तुमच्या समोर अर्पण केले, पेय ओतले, नैवेद्य चाखला, तसे प्रमाणपत्र द्यावे. तो म्हातारा ख्रिस्ती होता असे म्हणायला काही आधार नाही, हे सगळ्यांनाच करावे लागे. पण ख्रिस्ती माणसासाठी तो कागद म्हणजे येशूला नाकारल्याचा पुरावा होता. हजारोंनी बळी दिले. काहींनी बळी न देता लाच देऊन नुसता कागद मिळवला. जे नाही म्हणाले ते तुरुंगात गेले, छळ सोसला, काही मेले.

छळ थांबल्यावर हे सगळे लोक रडत मंडळीच्या दाराशी आले. आत बसलेल्यांत असे होते ज्यांचा भाऊ तुरुंगात वारला आणि दारात उभा असलेला शेजारी तेव्हा कागद घेऊन सुखरूप घरी गेला होता. कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्यापुढे हा पेच होता. आणि त्याची स्वतःची बाजूही नाजूक होती: छळाच्या काळात तो लपून राहिला होता आणि पत्रांनी मंडळी सांभाळत होता. कळप सोडून मेंढपाळ पळाला, असे त्यालाही ऐकावे लागले.

एका बाजूने तुरुंग भोगून आलेले काही जण सरसकट माफीच्या चिठ्ठ्या देत सुटले होते. त्यांत "अमुक आणि त्याच्या सोबतची माणसे" असेही लिहिलेले असे. सिप्रियनने याला हरकत घेतली. कोण किती घसरला, का घसरला, त्याला काय वाटते, हे न पाहता दिलेली माफी त्या माणसाला बरे करत नाही, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या बाजूने रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान म्हणत होता की अशांना मंडळीत जागा नाही, देव हवे तर क्षमा करील. तो वेगळा निघाला आणि त्याची वेगळी मंडळी शतकानुशतके टिकली.

इ.स. २५१ मध्ये कार्थेजला बिशपांची परिषद भरली. ज्यांनी नुसता कागद घेतला होता त्यांची एकेकाची चौकशी करून त्यांना परत घ्यायचे ठरले. ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला त्यांनी दीर्घ पश्चात्ताप करावा आणि मरणसमयी त्यांना प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, मिळावे. थोड्याच काळात नव्या छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा परिषदेने पश्चात्ताप करत असलेल्या सगळ्यांनाच आत घेतले. सिप्रियनचे कारण मला फार मोलाचे वाटते: ज्यांना आपण उद्या ख्रिस्तासाठी रक्त सांडायला सांगणार, त्यांना ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला कोणत्या तोंडाने नाकारायचा? इ.स. २५८ मध्ये दुसऱ्या छळात सिप्रियन लपला नाही. कार्थेजमध्येच त्याचा शिरच्छेद झाला.

आपल्या मराठी मुलखात ही गोष्ट उलट्या बाजूनेही पाहायला मिळते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने ते ख्रिस्ताकडे निघाले होते. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने नवरा त्यांना टाकून गेला होता. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. आपला राग आणि रडणे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लपवलेले नाही. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या तेव्हाही आपले सोवळे घेऊनच आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेगाने. सोडून गेलेला आणि मागे राहिलेला यांच्यात कोण कोण आहे हे नेहमी आपल्याला वाटते तितके उघड नसते. सोडून जाणाऱ्यालाही आपले कारण खरे वाटत असते.

राहता राहिला रोजच्या वापरातला प्रश्न: समोरच्याने माफी मागितलीच नाही तर? इथे बायबलच दोन गोष्टी सांगते असे वाटून लोक गोंधळतात. लुकाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात येशू म्हणतो, भावाने अपराध केला तर त्याला दटाव आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. मार्काच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात म्हणतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. तिथे पश्चात्तापाची अट नाही. वर पौलाच्या पानावर जे दोन धागे दिसले तेच इथे आहेत. देवापुढे उभे राहून सूड सोडायचा तो आजच, समोरचा आला न आला तरी. आणि नाते जोडायचे ते त्याने आपली चूक पाहिल्यावर. पौलाची "हिशेबी धरले न जावो" ही प्रार्थना त्या माणसांना उद्देशून नाही, ती देवाशी बोललेली आहे. त्यांच्यापैकी किती जणांना ती कधी कळली असेल, कोण जाणे. आणि त्याच्या लगेच पुढे तो लिहितो, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. ज्याच्या शेजारची जागा भरलेली होती, त्याला न आलेल्यांना मोकळे करणे जमले.

ज्यांना आज काही सुरुवात करायची आहे त्यांनी मत्तय १८:१५ पासून करावी: तुझ्या भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याला तो दाखव. चार नातेवाइकांत नाही, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, दोघेच असताना. आणि मोघम नाही. "तू मला कधीच साथ दिली नाहीस" असे म्हटले की समोरचा दहा प्रसंग मोजून दाखवतो आणि भांडण होते. "बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी येतो म्हणालास, आला नाहीस, नंतर महिनाभर फोन उचलला नाहीस, मला ते फार लागले" असे म्हटले तर त्याला उत्तर देण्याजोगे काहीतरी हाती लागते. कदाचित तो सांगेल की हॉस्पिटलच्या गेटपर्यंत आलो होतो, आत यायचा धीर झाला नाही. कदाचित काहीच सांगणार नाही. ऐकले तर भाऊ मिळाला, असे येशू म्हणतो. नाही ऐकले तर पुढच्या वेळी एका-दोघांना बरोबर घेऊन जायचे, हे त्याच उताऱ्यात पुढे लिहिले आहे.